मला सगळं चालतं

फोन ठेवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण नाही म्हणायला गेलो आणि हो म्हणून बसलो. चूक एका शब्दाची होती, आणि तो शब्दही तिचा रोजचाच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडात असलेला. पलीकडून अभ्यासदौरा जमवणाऱ्या प्राध्यापक बाई इंग्रजीत विचारत होत्या, की तुमची निवड झाली आहे, तर जागा ठेवायची की पुढच्या नावाला द्यायची. हिच्या मनात उत्तर अगदी इस्त्री करून तयार होतं: आभारी आहे, घरची अडचण आहे, पुढच्या वर्षी बघू. पण घरची अडचण इंग्रजीत नेताना ती अडखळली. होम डिफिकल्टी म्हणावं तर नळ गळतोय असं वाटतं, फॅमिली प्रॉब्लेम म्हणावं तर नवरा पितो असं वाटतं. त्या ओढाताणीत तिला एवढंच कळलं की हा फोन आता संपवला पाहिजे, आणि फोन संपवताना आपण जे म्हणतो तेच ती म्हणाली. बरं मॅडम, ठेवते. फक्त इंग्रजीत म्हणाली. ‘ओके मॅडम, आय कीप.’ पलीकडे आनंदीआनंद झाला. मग जागा तुमची, बुधवारी तिकिटं काढते, त्याआधी काही अडचण आली तर कळवा, असं म्हणून बाईंनी फोन खाली ठेवला. ठेवताना त्या ठेवते असं काही म्हणाल्या नाहीत. इंग्रजीत ते आपोआप ठेवलं जात असावं.

ती बसली होती ती हॉस्पिटलच्या तळघरातली टेलिफोन ऑपरेटरची खोली. एका बाजूला चादरी धुण्याची यंत्रं, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनच्या नळकांड्यांची कोठडी, मध्ये ही. भिंतीतून दिवसभर चादरींची घुसळण ऐकू यायची, आणि नवीन माणसाला वाटायचं की इमारतीला पोट आहे. या खोलीत बसून ती वीसेक वर्षं इंग्रजी बोलत होती. लोकांना ते फार वाटायचं. तिच्या मावसबहिणी आपल्या मुलांना सांगायच्या, बघ, मावशी फोनवर नुसतं इंग्रजी बोलते. ते इंग्रजी एकूण सात-आठ वाक्यांचं होतं. कृपया थांबा, डॉक्टर राउंडला गेलेत, त्या एक्स्टेन्शनला कोणी उचलत नाही, भेटण्याची वेळ संध्याकाळची. ही वाक्यं ती इतक्या सफाईने म्हणायची की पलीकडचा माणूस बिचकून मोठं इंग्रजी सुरू करायचा, आणि मग ती कृपया थांबा म्हणून त्याला दुसरीकडे जोडून द्यायची. संभाषण वाढू लागलं की ते दुसऱ्याकडे सोपवायचं, ही या नोकरीची खुबी होती. पुढे पुढे ती घरीही तशीच वागू लागली असावी. मुलीने काही अवघड विचारलं की ‘बाबांना विचार’, नवऱ्याने विचारलं की ‘आईंना विचारा’. स्वतःपाशी तिने काही थांबू दिलं नाही.

पदवी राहून गेली होती म्हणून ती संध्याकाळच्या कॉलेजात जाऊ लागली, आणि तिसऱ्या वर्षाला हा दौरा आला. दोन आठवडे परदेशात. सकाळी भाषा कशी शिकवतात याचे वर्ग, दुपारी तिथल्या एका छोट्या गावातल्या लोकांबरोबर बसायचं आणि त्यांना इंग्रजी बोलण्याचा सराव द्यायचा. शिकवायचं नाही, नुसतं बोलायचं. तिने नाव दिलं तेही दिलं म्हणण्यासारखं नव्हतं. वर्गातल्या एका बाईची पिशवी सांभाळत ती रांगेत उभी राहिली, ती बाई पाणी प्यायला म्हणून गेली ती आलीच नाही, आणि रांग मात्र पुढे सरकत राहिली. मुलाखतीत ती ओळीने चुकली. तरी प्राध्यापक बाई प्रसन्न होत गेल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की तिथल्या लोकांना फर्ड्या इंग्रजीची धास्ती वाटते, समोर कोणी घडाघडा बोलू लागलं की ते मिटून जातात, त्यांना आपल्यासारखं बोलणारं कोणीतरी हवं असतं. तुमचं इंग्रजी त्या दृष्टीने अगदी योग्य आहे. हे ऐकून आनंद मानावा की राग, हे तिला जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही. खाली आल्यावर तिने आनंद मानला. आजवर कोणी तिला उणेपणाबद्दल निवडलं नव्हतं.

त्या शुक्रवारी ती घरी निघाली तेव्हा पावलं जरा जास्तच उचलत होती. जायचं नव्हतंच. सोमवारी फोन करून सांगून टाकायचं, बाई, ते ठेवते म्हणजे फोन ठेवते, हे नक्की होतं. पण शेजाऱ्यांचं पार्सल चुकून आपल्या दारात यावं आणि उद्या परत करायचंय म्हणून आज निदान हलवून बघावं, तसं तिने ते हलवून बघितलं. आत काहीतरी वाजलं. दुकानांच्या पाट्या ती इंग्रजीत वाचत गेली. चपलांच्या दुकानात शिरून तिने बंद बूट घालून पाहिले, आरशासमोर चार पावलं टाकली, आणि विक्रेत्याने कुठे जाणार आहात का असं विचारल्यावर ‘अजून ठरलं नाही’ असं म्हणाली. म्हणताना तिला अगदी ठरवणारी बाई असल्यासारखं वाटलं. बूट तिने घेतले नाहीत, पण मोजे घेतले. मोजे काय, इथेही लागतात.

नवरा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. दुसऱ्यांच्या जबड्यांचे साचे दिवसभर हाताळल्यामुळे की काय, त्याला स्वतःचा जबडा फारसा हलवावासा वाटत नसे. तिने त्याला सगळं सांगितलं, चुकीसकट. तो हातावरचं प्लास्टर खरवडत ऐकत होता. गेलीस तर चालेल, म्हणाला. ती म्हणाली, पण मी नाही सांगणार आहे. तो म्हणाला, तेही चालेल. यात त्याचा काही दोष नव्हता. त्यांचं घरच चालेलवर चाललं होतं. लग्न ठरताना दोघांना पाच मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवलं होतं तेव्हा त्याने विचारलं, मी कवळ्या करतो, चालेल ना? ती म्हणाली, चालेल. त्यावर दोन माणसं, एक मूल आणि एक म्हातारं माणूस आजवर नीट उभं होतं. भाजी कुठली, चालेल. पडदे कुठले, कुठलेही चालतील. कुणी भांडलं नाही, कुणी रुसलं नाही, आणि पडदे मात्र जन्मभर कुणालाच न आवडलेल्या रंगाचे राहिले.

जाणार नसली तरी तिने गृहपाठ करायचं ठरवलं. नाही म्हणताना कुणी कामचुकार म्हणू नये. प्राध्यापक बाईंनी मुलाखतीच्या वेळीच सांगितलं होतं, की निवड झाली तर घरातलं इंग्रजी न येणारं एक माणूस धरा, रोज थोडा वेळ त्याच्याशी इंग्रजीतच बोला. चुका सुधारायच्या नाहीत, मराठीतून मदत करायची नाही, सोपं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात, नवरा मराठीतही न बोलणारा, राहिल्या सासूबाई. त्यांची नजर अधू झाली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि तोंडात मुलानेच केलेली कवळी होती. तिने विचारलं, आई, माझ्याशी इंग्रजी बोलाल का? सासूबाई म्हणाल्या, अगं मला काय, काहीही चालतं.

शनिवारी दुपारी दोघी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या. सुनेने घसा साफ करून विचारलं, तुमचं वय काय. सासूबाईंना त्यातला आकडा मराठीत ठाऊक होता, इंग्रजीत त्याच्या शेवटी थ्री यायचं. थ्री म्हणायला जीभ दातांच्या मध्ये न्यावी लागते, आणि दात तर नुसते वरून बसवलेले. पहिल्या थ्रीला कवळी पुढे सरकली, दुसऱ्याला ती टेबलावर आली. सासूबाईंनी कवळीकडे शांतपणे बघितलं, उचलून परत बसवली आणि म्हणाल्या, ‘सॉरी. माय सन मेड.’ यावर सुनेने हसू नये असं दौऱ्याच्या नियमांत कुठेही नव्हतं. ती हसली. सासूबाईही हसल्या, आणि हसताना कवळी पुन्हा बाहेर आली. आतल्या खोलीतून नवऱ्याने मान बाहेर काढून पाहिलं. आपल्या कामाबद्दल चाललं आहे हे त्याला कळलं, पण कोणत्या भाषेत बोलणी खावी लागताहेत ते न कळल्यामुळे तो परत गेला. संध्याकाळी त्याने ती कवळी मागून घेतली आणि कडा घासून दिल्या.

मग तिने पुढचा सोपा प्रश्न काढला. ‘व्हॉट डू यू लाइक?’ सासूबाईंनी विचार केला. ओठ हलले, बोटं टेबलावर चालली, आणि मग त्यांनी चांगलं ठणठणीत उत्तर दिलं: ‘एव्हरीथिंग वॉक्स मी.’ सुनेला क्षणभर काही बोध झाला नाही. सगळं मला चालवतं, असं काहीसं. आणि मग त्या वाक्याचा आतला सांगाडा दिसावा तसं मराठी दिसलं. मला सगळं चालतं. ती सांगायला गेली की तसं म्हणत नाहीत, पण सुधारायचं नव्हतं. आणि सुधारायचं तरी काय सांगून? चालतंला इंग्रजीत काय म्हणतात हे तिलाही येईना. लाइक म्हणता येतं, डोन्ट लाइक म्हणता येतं. मधली ती ऐसपैस जागा, जिथे आपण सगळे पाय पसरून बसलेलो असतो, ती त्या भाषेत बांधलेलीच नसावी. ती गप्प बसली, नियमाप्रमाणे. भिंतीवरचं घड्याळ काही न विचारताच बोलत राहिलं. बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, ‘आय लाइक...’ आणि थांबल्या, जणू पुढे पायरी आहे की नाही ते पावलाने चाचपताहेत. ‘आय लाइक आउटसाइड.’

बाहेर. नुसतं बाहेर. या घरात आल्यापासून तिने सासूबाईंच्या तोंडून मला अमुक आवडतं असं वाक्य ऐकलं नव्हतं. मराठीत विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बाहेर काय ठेवलंय. इंग्रजीत त्यांना तेवढं मोठं वाक्य येत नव्हतं म्हणून खरं ते निघालं. रविवारी आणखी निघालं. डोन्ट लाइक दूध. डोन्ट लाइक पडदे. लाइक शिट्टी: शाळेत असताना त्या तोंडाने शिट्टी वाजवायच्या, त्यांच्या आईने चापट मारली, मग दात गेले. सून यू म्हणत होती आणि सासूबाईही यू म्हणत होत्या. सासूबाईंना आपण तोंडावर तू म्हणतोय आणि घराचं छत जागच्या जागी आहे, याची तिला गंमत वाटत होती. सोमवारी सकाळी बाईंना फोन करायचा होता, पण सोमवारी टेलिफोनच्या बोर्डवर गर्दी होती. म्हणजे नेहमीइतकीच. एका वयस्कर माणसाने मोडक्या इंग्रजीत भेटण्याची वेळ विचारली, तिने ती सांगितली, आणि जोडून द्यायला कोणी नव्हतं म्हणून की काय, ती पुढे म्हणाली, पेशंट कोण आहे तुमचे. तो म्हणाला, बायको. ती म्हणाली, बऱ्या आहेत का. तो म्हणाला, रागावलीय, म्हणजे बरी असावी. भिंतीपलीकडे चादरी घुसळत होत्या. ती आठ वाक्यांच्या पलीकडे, मोकळ्यावर उभी होती, आणि पडली नव्हती. फोन संपल्यावर तिने खुर्ची एकदा गोल फिरवली. कोणी पाहिलं नाही. मग उलटीकडूनही फिरवली.

पण मंगळवार उजाडला. उद्या तिकिटं. आज नाही सांगितलं तर ती चूक राहणार नव्हती, तो तिचा होकार होणार होता. तिने मनाशी अडचणींची जुळवाजुळव केली. सासूबाईंच्या डोळ्यांत दोन वेळा थेंब घालायचे असतात. गुडघ्यांमुळे जिना धरून उतरवावं लागतं. नवऱ्याला बटण सापडत नाही, शर्टाचं नव्हे, कुकरची शिट्टी झाल्यावर गॅसचं. एकेक अडचण कशी टणक आणि खरी होती, आणि त्या सगळ्यांच्या मागे एक जुनी, मऊ, ओळखीची जागा होती. लहानपणी वडील फ्रॉक आणायला निघाले की विचारायचे, कोणता आणू. बहिणी रंग सांगायच्या, झालर सांगायच्या. ही म्हणायची, कोणताही चालेल. आणि घरात आलेगेले म्हणायचे, किती समजूतदार मुलगी. तो शब्द जिभेवर खडीसाखरेसारखा विरघळायचा. पिवळ्या बटणांचा फ्रॉक तिला हवा होता. तो तिच्या बहिणीला मिळाला, कारण बहीण पाय आपटून रडली. हिला हिरवा आला, चांगला होता, चालला. समजूतदारपणाची चटक अशी लागते, की पुढे माणूस आपल्याला काय हवं हे लपवतो असंही उरत नाही. शोधायला गेलं तर सापडतच नाही. आता परदेशी जायचं आहे की नाही असं स्वतःला विचारलं तर आतून उत्तर यायचं: गेले तर चालेल, नाही गेले तर चालेल. आणि तरी चार दिवस ती चालत नव्हती, तरंगत होती.

संध्याकाळी चहाचे कप बाजूला सारून दोघी बसल्या. तिने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी हात वर केला. आज त्या विचारणार होत्या. ‘यू,’ त्यांनी बोट रोखलं. ‘यू लाइक गो?’

तिने सांगायला सुरुवात केली. थेंब. तिला ड्रॉप्स आलं. जिना, गुडघे, गॅस. आय थिंक, मे बी, नेक्स्ट इयर. आपण किती अस्खलित कारणं देतोय हे तिचं तिलाच जाणवलं. नाही म्हणायचं इंग्रजी तिला आता सुरेख येऊ लागलं होतं. सासूबाई उत्तर येईपर्यंत गप्प बसायचा नियम पाळत होत्या. तिचं बोलणं संपलं तरी त्या गप्पच राहिल्या, म्हणजे उत्तर अजून आलेलं नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हात उघडून टेबलावर ठेवले. ‘माय आइज, माय हँड्स,’ त्या म्हणाल्या. ‘आय डू ड्रॉप्स. यू हिअर, यू से, सिट. यू से, नो आउटसाइड. यू गो, आय गो.’ श्वास घेतला, कवळी अंगठ्याने दाबून बसवली, आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, ‘टू वीक्स, आय डोन्ट लाइक यू हिअर.’

तिला हे लागायला हवं होतं. आई, जपून. आई, बसा तुम्ही. आई, बाहेर ऊन आहे, ओल आहे, वारा आहे. किती वर्षं ती या बाईला जपत होती, आणि ही बाई ते जपणं चालवून घेत होती, आणि दोघी एकमेकींना समजूतदार समजत होत्या. हसावं की रडावं असं काही झालं नाही. हसूच आलं. तिने मराठीत विचारलं, आणि पडलात तर. सासूबाईंनी मान हलवली, मराठी चालणार नाही म्हणून. तिने तेच इंग्रजीत विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ‘देन आय गेट अप.’ नवरा दारात येऊन उभा होता. त्याला एवढं कळलं होतं की आई बाहेर जाणार आहे. मी सोडीन जिन्यापर्यंत, म्हणाला, आणि क्षणभर थांबून, स्वतःच दचकल्यासारखा पुढे म्हणाला, ‘मलाही फिरायला आवडतं.’ दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने घासून दिलेली कवळी फुकट गेली नव्हती.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने प्राध्यापक बाईंना स्वतःहून फोन लावला. बाईंचा आवाज लगेच पडला. शेवटच्या दिवशी आलेला फोन कशाचा असतो हे त्यांना अनुभवाने माहीत असणार. काही अडचण आहे का, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, की शुक्रवारी मी हो म्हणाले ती चूक होती. बाई हळहळल्या, म्हणाल्या, मग पुढच्या नावाला कळवते. तिने घाईघाईने थांबवलं. नाही, नाही. ती चूक होती. आज मी फोन केलाय तो हो म्हणायला. बाई गोंधळल्या. पण तुम्ही तर आधीच येणार होतात. ‘नो मॅडम,’ ती म्हणाली. ‘दॅट डे नो. टुडे आय लाइक टु गो.’ व्याकरणात काही उणं राहिलं असेल, पण तिच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं आणि खोलीत उभं राहिलं, कुणी न जोडलेलं, कुणाकडे न सोपवलेलं. भिंतीपलीकडलं यंत्र नेमकं तेव्हा थांबलं होतं, चादरी काढत असतील. बाई हसल्या. बरं, मग आताच काढते तिकीट, त्या म्हणाल्या. कळा दाबल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी सहज विचारलं, विमानात खिडकीजवळची जागा हवी की कडेची.

जीभ जन्माच्या सवयीने उठली आणि एनीथिंगच्या ए पर्यंत पोहोचली. तिने तिला तिथेच बसवलं. डोळे मिटले. ती विमानात कधी बसली नव्हती, खिडकी केवढी असते तेही तिला ठाऊक नव्हतं. ‘विंडो,’ ती म्हणाली. बाई बरं म्हणून पुढे जाणार तोच तिने त्यांना थांबवलं, आणि आणखी एक गोष्ट मागून घेतली, ‘राइट साइड.’ उजव्या बाजूला काय दिसतं याची तिला काडीचीही कल्पना नव्हती. पण डावी तिला आवडली नसती.